धावणाऱ्या माणसाचा श्वास मोजणारा रँग्लर : ए. व्ही. हिल

स्पोर्ट्स सायन्स, एक्सरसाइज फिजिऑलॉजी किंवा कायनेसिऑलॉजी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला कधी ना कधी एक प्रयोग करावाच लागतो. वर्गातल्या एखाद्या तगड्या पोराला ट्रेडमिलवर चढवतात, तोंडाला मास्क लावतात आणि पट्ट्याचा वेग वाढवत नेतात. पोरगा धापा टाकतो, घामाने निथळतो आणि शेवटी हात वर करून थांबा म्हणतो. मग कॉम्प्युटरवर एक आकडा येतो. त्याचं शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो हा आकडा. नाव व्हीओटू मॅक्स. आता हा आकडा हातातलं घड्याळसुद्धा अंदाजाने सांगतं आणि मॅरेथॉनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून चढाओढ चालते.

हा आकडा पहिल्यांदा पद्धतशीर मोजला गेला त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता आणि व्यायामाचं शास्त्र नावाचा विषय विद्यापीठात जवळजवळ नव्हताच. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात पस्तिशी ओलांडलेला एक प्राध्यापक पाठीवर रबरी कापडाची मोठी पिशवी बांधून, तोंडात नळी धरून गवतावर गोल गोल धावत होता. तो डॉक्टर नव्हता, पैलवान नव्हता आणि व्यायामशाळेचा मास्तरही नव्हता. तो होता गणिती. ज्या प्रयोगांबद्दल त्याला नोबेल मिळालं, त्यांवर उभारलेला बराचसा सिद्धांत पुढच्या सात-आठ वर्षांत कोसळला. त्याने मोजलेले आकडे मात्र आजही विद्यार्थी शिकतात.

त्याचं नाव आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल. हे पहिलं नाव त्याला अजिबात आवडायचं नाही. म्हणून जगाने त्याला ए. व्ही. हिल म्हणूनच ओळखलं. जवळच्या माणसांसाठी तो नुसता 'ए. व्ही.' होता.

गणितात तिसरा, तरीही गणित सोडलं

हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. घराण्याचा लाकडाचा व्यापार होता. हिल तीन वर्षांचे असताना वडील घर सोडून गेले. आईने, एडा यांनी, मुलगा आणि मुलगी दोघांना एकटीने वाढवलं. परिस्थिती बेताची होती, त्यामुळे शिकायचं तर शिष्यवृत्तीवरच. टिव्हर्टनच्या ब्लंडेल्स शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. धावण्याची आवड त्यांना शाळेपासूनच होती आणि ती पुढे प्रयोगशाळेत कामाला आली.

केंब्रिजला त्यांनी गणित घेतलं. तिथे गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द नवा नाही. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले आणि आपल्याकडे कायमचे 'रँग्लर परांजपे' होऊन गेले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९०७ साली, हिल तिसरे रँग्लर झाले. ही जागा मिळाली की आयुष्य गणितातच जाणार, असं लोक धरून चालायचे.

पण हिल यांचं मन गणितात रमत नव्हतं. त्यांचे मार्गदर्शक होते वॉल्टर मॉर्ले फ्लेचर. ते स्वतः शरीरक्रियाशास्त्रज्ञ, म्हणजे फिजिऑलॉजिस्ट. त्यांनी हिल यांना आपल्या विषयाकडे वळवलं. फ्लेचर आणि गाउलंड हॉपकिन्स यांनी १९०७ सालीच बेडकाच्या स्नायूवर एक गाजलेलं काम केलं होतं. ऑक्सिजन नसताना स्नायूला थकेपर्यंत काम करायला लावलं तर त्यात लॅक्टिक ॲसिड साठतं आणि ऑक्सिजन दिला की ते कमी होतं, हे त्यांनी दाखवलं. पण हे ॲसिड स्नायूत नेमकं करतं काय? विभागप्रमुख लँगली यांनी तरुण हिल यांना याच वाटेवर सोडलं.

शिकत असतानाच, १९१० साली, हिल यांनी रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला कसं धरतं यासाठी एक समीकरण मांडलं. औषधशास्त्राचे विद्यार्थी आजही ते 'हिल समीकरण' या नावाने शिकतात. तेव्हा ते २३ वर्षांचे होते. पुढे त्यांनी या विषयाकडे फारसं वळूनही पाहिलं नाही.

बेडकाच्या स्नायूतली ऊब

हिल यांनी मोजायला घेतली ती उष्णता. काम केलं की शरीर तापतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण एकच स्नायू एकदाच आखडला तर किती तापतो? अंशाच्या काही हजाराव्या भागाइतका. एवढी ऊब पकडायला साधा थर्मामीटर कामाचा नाही. त्यासाठी दोन वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यांची माळ लागते. सांधे तापले की त्यांतून अगदी क्षीण वीज वाहते आणि ती संवेदनशील गॅल्व्हानोमीटरवर दिसते. या माळेला थर्मोपाइल म्हणतात. हे तंत्र पक्कं करायला हिल १९११ साली जर्मनीत ट्युबिंगनलाही जाऊन आले.

आणि मग एक गोष्ट दिसली. स्नायू दोनदा तापतो. एकदा आखडताना, झटक्यात. मग आखडणं संपल्यावर पुन्हा हळूहळू, कितीतरी मिनिटं. आजूबाजूला ऑक्सिजन नसला तर पहिली ऊब तशीच येते, दुसरी मात्र जवळपास गायब होते.

याचा अर्थ असा की, स्नायूला आखडण्यासाठी त्या क्षणी ऑक्सिजन लागत नाही. तो लागतो नंतर, झालेल्या खर्चाची भरपाई करायला. किराणा दुकानात वहीवर लिहून माल न्यावा आणि पगार झाल्यावर हिशेब चुकता करावा, तसं. जिना धावत चढलात तर खरी धाप वर पोहोचल्यावर लागते. ती का, याचं पहिलं मोजलेलं उत्तर बेडकाच्या मांडीतल्या त्या बोटभर स्नायूने दिलं.

१९१३ साली हिल यांचं लग्न मार्गारेट केन्स यांच्याशी झालं. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स त्यांचे मेहुणे. स्नायूच्या विश्रांतीला कर्जफेडीची भाषा हिल यांना कुठून सुचली, यावर या नात्यावरून गमतीने बोलायला भरपूर वाव आहे. पण पुरावा काही नाही.

पुढच्या वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. विमानांवर तोफा डागायच्या तर विमान किती उंचीवर आहे हे कळायला हवं. आरशांच्या साहाय्याने ते काढण्याच्या कामावर हिल यांना नेमलं गेलं. त्यांनी गणितातली हुशार पोरं गोळा केली. लष्करी शिस्तीत न बसणाऱ्या या टोळीला लोक 'हिलचे दरोडेखोर' म्हणू लागले.

पिशवी पाठीवर, नळी तोंडात

युद्ध संपल्यावर, १९२० साली, हिल मँचेस्टरला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. बेडकाच्या स्नायूत जे दिसतं ते धावणाऱ्या माणसात दिसतं का, हा प्रश्न त्यांनी इथे हातात घेतला. जोडीला हार्टली लप्टन हा सहकारी होता आणि पुढे सी. एन. एच. लाँग हा तरुणही आला. प्रयोगासाठी माणूस हवा होता. हिल स्वतः धावपटू होते, मग दुसरा कशाला शोधायचा?

पद्धत अशी होती. तोंडात झडपेची नळी, नाकाला चाप. बाहेरची हवा आत जायची, पण सोडलेला श्वास नळीतून पाठीवरच्या पिशवीत जायचा. या पिशवीला डग्लस बॅग म्हणतात. सी. जी. डग्लस यांनी ती १९११ च्या सुमारास बनवली होती. गवतावरच्या छोट्या गोल वाटेवर ठरलेल्या वेगाने धावायला लागायचं. शरीर त्या वेगात स्थिरावलं की धावता धावताच तोटी फिरवायची, थोडा वेळ श्वास पिशवीत साठवायचा आणि तोटी बंद करायची. मग पिशवीत किती हवा आहे आणि तीत ऑक्सिजन किती उरलाय हे मोजायचं. बाहेरच्या हवेत किती असतो हे माहीतच आहे, त्यामुळे शरीराने किती वापरला ते वजाबाकीने कळतं. हेच वेगवेगळ्या वेगांना, पुन्हा पुन्हा करायचं.

स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. धावण्याचा वेग वाढवला की हा आकडा चढत जातो. हिल यांच्या बाबतीत तो मिनिटाला सुमारे चार लिटरपर्यंत चढला आणि तिथे थबकला. त्यापुढे वेग वाढवला तरी ऑक्सिजन तेवढाच. म्हणजे पाय जास्त मागत होते, पण हृदय आणि फुप्फुसं त्याहून जास्त पोचवू शकत नव्हती. प्रत्येक माणसाच्या शरीराला अशी एक कमाल मर्यादा असते, असं हिल आणि लप्टन यांनी १९२३ साली मांडलं. व्हीओटू मॅक्सची कल्पना ती हीच.

मग त्या मर्यादेपलीकडे माणूस धावतो तरी कसा? शंभर मीटरची शर्यत दहा-अकरा सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात श्वासावाटे आत आलेला ऑक्सिजन त्या कामाला पुरणं शक्यच नाही. इथे हिल यांनी बेडकाचा हिशेब माणसाला लावला. शरीर उधारीवर धावतं आणि शर्यत संपल्यावर धापा टाकून ती उधारी फेडतं. या उधारीला त्यांनी 'ऑक्सिजन डेट' म्हणजे ऑक्सिजनचं कर्ज म्हटलं. धावून थांबल्यावरचे श्वास पिशवीत गोळा करून हे कर्ज लिटरमध्ये मोजायची सोयही त्यांनी केली.

वेग, ऑक्सिजन आणि धाप या तिन्ही गोष्टी एकाच हिशेबात बसल्या. व्यायाम हा विषय मास्तरांच्या अनुभवातून निघून मोजपट्टीवर आला तो इथे.

१९२३ सालीच हिल यांना नोबेल जाहीर झालं. पारितोषिक १९२२ सालचं होतं, पण त्या वर्षी ते राखून ठेवलं होतं. स्नायूत निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या शोधाबद्दल अर्धं हिल यांना. उरलेलं अर्धं जर्मनीच्या ओटो मेयरहॉफ यांना. स्नायूतलं लॅक्टिक ॲसिड आणि ऑक्सिजनचा वापर यांचं नातं मेयरहॉफ यांनी रसायनशास्त्राच्या बाजूने उलगडलं होतं. महायुद्ध संपून पाच वर्षंही झाली नव्हती. एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांतले दोघे एकाच स्नायूवर दोन बाजूंनी काम करत होते आणि त्यांचे आकडे जुळत होते.

छातीला लोहचुंबक

त्याच वर्षी हिल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले आणि उरलेली कारकीर्द जवळपास तिथेच गेली. १९२५ साली त्यांनी धावण्याचे, पोहण्याचे, स्केटिंगचे जागतिक विक्रम घेऊन त्यांचे आलेख काढले. अंतर वाढतं तसा सरासरी वेग आधी झपाट्याने आणि मग हळूहळू उतरत जातो, हे त्यात दिसतं. वर्तमानपत्रातल्या क्रीडापानाकडे शास्त्राचा कच्चा माल म्हणून पाहण्याची ही नवी नजर होती. विक्रमवीर जीव तोडून धावलेला असतो आणि वेळ काटेकोर नोंदलेली असते. असा प्रयोग आयता मिळत असताना सोडायचा का?

१९२७ साली ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात व्याख्यानांसाठी गेले. तिथल्या धावपटूंवर त्यांनी केलेला प्रयोग आजही वाचायला मजा येते. धावपटूच्या अंगावर चुंबक केलेली पोलादाची पातळ पट्टी बांधायची. धावपट्टीच्या कडेला ठरावीक अंतरांवर तारेची वेटोळी ठेवायची. धावपटू वेटोळ्यासमोरून गेला की तारेत क्षणभर वीज निर्माण होते आणि गॅल्व्हानोमीटरवर खूण उमटते. दोन खुणांमधल्या वेळावरून त्या टप्प्यातला वेग कळतो. स्टॉपवॉच दाबणाऱ्या माणसाच्या बोटावर विसंबायची गरजच उरली नाही. आज लेझर आणि कॅमेरे जे काम करतात, ते तेव्हा लोखंडाची पट्टी आणि तांब्याची तार करत होती.

या मोजणीतून फुरुसावा आणि पार्किन्सन या सहकाऱ्यांसोबत हिल यांनी धावपटू शून्यापासून सर्वोच्च वेगापर्यंत कसा पोहोचतो याचं सूत्र मांडलं. शर्यत सुरू होते तेव्हा वेग झपाट्याने वाढतो, मग वाढ मंदावते आणि तो एका पातळीला टेकतो. का मंदावते? स्नायूच्या आत चिकटपणा असतो, घट्ट काकवीत पळी फिरवावी तसा, आणि वेगाने आखडताना तो आडवा येतो, असं हिल यांचं म्हणणं होतं. सूत्र बरोबर निघालं, कारण मात्र चुकीचं निघालं.

अमेरिकेतल्या एका व्याख्यानानंतर फिलाडेल्फियात कुणीतरी त्यांना विचारलं की या सगळ्याचा उपयोग काय. हिल यांनी आधी काही व्यावहारिक फायदे सांगायचा प्रयत्न केला. ते गळी उतरेनात, तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं की उपयोग आहे म्हणून आम्ही हे करत नाही, मजा येते म्हणून करतो. आज संशोधनाला पैसे मागणाऱ्या अर्जात असं वाक्य लिहिण्याची हिंमत कुणी करणार नाही.

त्याच १९२७ साली हार्वर्डमध्ये फटिग लॅबोरेटरी, म्हणजे थकव्याची प्रयोगशाळा, सुरू झाली. हिल यांच्या ऑक्सिजनच्या कर्जाच्या कल्पना तिथे तपासल्या आणि सुधारल्या गेल्या. वीस वर्षांनी ती बंद पडली, पण तिथे तयार झालेली माणसं अमेरिकाभर पांगली आणि त्यांनी ठिकठिकाणी व्यायामाच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या.

नोबेलच्या इमारतीला तडा

लॅक्टिक ॲसिड हेच स्नायूला आखडायला लावतं, हा हिल आणि मेयरहॉफ यांच्या मांडणीचा पाया होता. नोबेलवर शिक्का बसल्यावर तो कोण हलवणार?

गंमत म्हणजे तो हलायला सुरुवात झाली घरातूनच. १९२७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, हिल यांच्या आसपासच काम करणाऱ्या फिलिप आणि ग्रेस एगल्टन या जोडप्याला स्नायूत एक अस्थिर फॉस्फेट सापडलं. स्नायू काम करतो तेव्हा ते संपतं आणि विश्रांतीत पुन्हा भरतं. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हे रसायन नेमकं ओळखलं. ते होतं फॉस्फोक्रिएटिन. १९२९ साली मेयरहॉफ यांच्याच प्रयोगशाळेत कार्ल लोहमान यांना एटीपी सापडलं आणि फिस्क-सुब्बाराव यांनाही ते स्वतंत्रपणे मिळालं.

घाव बसला १९३० साली. डेन्मार्कचे आयनार लुंड्सगार्ड यांनी आयोडोॲसेटिक ॲसिड नावाचं विष देऊन स्नायूतलं लॅक्टिक ॲसिड तयार होणंच बंद पाडलं. तरीही स्नायू आखडत राहिला! त्यातलं फॉस्फोक्रिएटिन संपेपर्यंत तो काम करत होता. जे ॲसिड आखडण्याचं कारण मानलं होतं, ते नसतानाही आखडणं चालूच होतं.

हिल यांचं वय तेव्हा ४३-४४. नोबेल गाठीशी, नाव जगभर. अशा वेळी लुंड्सगार्ड यांच्या प्रयोगात खोट काढत बसणं सोपं होतं, बरेच मोठे लोक तेच करतात. हिल यांनी १९३२ साली एक मोठा लेख लिहून स्नायूशास्त्रात क्रांती झाल्याचं जाहीर केलं. लेखाच्या शीर्षकातच 'क्रांती' हा शब्द होता आणि ती ज्यांच्याविरुद्ध झाली त्यांत लेखक स्वतः होते.

त्यांचे उष्णतेचे आकडे मात्र कुणी खोडू शकलं नाही. त्यांचा अर्थ बदलला, एवढंच. ऊर्जेचा लगेचचा साठा एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिनचा असतो. तो भरायला आधी ऑक्सिजनविना चालणारी आणि मग ऑक्सिजनवर चालणारी रसायनं कामाला लागतात. लॅक्टेटही निव्वळ कचरा नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, हे नंतर सिद्ध झालं.

जिममध्ये मात्र जुनी समजूत अजून ठाण मांडून आहे. आदल्या दिवशी उठाबशा काढल्या, आज पाय दुखतायत, म्हणजे लॅक्टिक ॲसिड साठलंय, असं छातीठोकपणे सांगणारा ट्रेनर तुम्हालाही भेटला असेल. हे खरं नाही. व्यायामानंतर साठलेलं लॅक्टेट साधारण तासा-दीड तासात ओसरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या धाग्यांना सवयीपेक्षा जास्त ताण पडून झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असतं.

जर्मनीतून आलेली माणसं

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकलणं सुरू झालं. त्यांना इंग्लंडमध्ये काम आणि आसरा मिळवून देण्यासाठी त्याच वर्षी एक परिषद स्थापन झाली. अध्यक्ष रदरफर्ड आणि उपाध्यक्ष हिल. हिल यांनी नाझी धोरणावर जाहीर व्याख्यान दिलं. ते 'नेचर' या नियतकालिकात आलं. त्याला जर्मन नोबेलविजेते योहानेस श्टार्क यांनी उत्तर दिलं आणि हिल यांनी प्रत्युत्तर.

हा वाद लाइपझिगमध्ये एक वैद्यकीचा ज्यू विद्यार्थी वाचत होता. त्याने ठरवलं की जायचं तर याच माणसाकडे. १९३५ साली तो लंडनला हिल यांच्या दारात पोहोचला. नाव बर्नार्ड कात्झ. मज्जातंतू स्नायूला संदेश कसा देतो यावरच्या कामासाठी त्याला १९७० साली नोबेल मिळालं. स्वतः मेयरहॉफही ज्यू होते. त्यांना १९३८ साली जर्मनी सोडावी लागली. पॅरिसमार्गे अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोहोचून त्यांनी पुढचं आयुष्य तिथे काढलं.

या धावपळीत प्रयोगशाळा थांबली नव्हती. १९३८ साली हिल यांनी त्यांचा बहुधा सर्वांत जास्त वापरला गेलेला लेख प्रसिद्ध केला. तुम्ही रिकामी बादली झटकन उचलता, भरलेली सावकाश. ओझं वाढतं तसा स्नायू आखडण्याचा वेग कमी होतो. हे नातं सरळ रेषेचं नसून एका विशिष्ट वक्ररेषेचं आहे, असं त्यांनी एका छोट्या समीकरणात बसवलं. हाच 'बल-वेग' आलेख आज बायोमेकॅनिक्सच्या पेपरात हमखास येतो. माणसाची चाल किंवा उडी कॉम्प्युटरवर उभी करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या स्नायूला आजही 'हिल टाइप' स्नायू म्हणतात. आणि काकवीसारखा चिकटपणा? त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करून गेलेल्या वॉलेस फेन यांच्या मोजणीने त्याला आधीच धक्का दिला होता. १९३८ च्या लेखात हिल यांनी तो सोडून दिला.

भारतातले पाच महिने

दुसऱ्या महायुद्धात हिल केंब्रिज विद्यापीठाच्या मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत गेले. रॉयल सोसायटीचे सचिवही तेच. या नात्याने सरकारने त्यांना नोव्हेंबर १९४३ मध्ये भारतात पाठवलं. ते एप्रिल १९४४ पर्यंत इथे होते. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मरत होती, तो हा काळ. देशभर फिरून त्यांनी भारतातल्या वैज्ञानिक संशोधनावर अहवाल दिला. उत्तम वैद्यकीय शिक्षक आणि संशोधक घडवणारं एक अखिल भारतीय केंद्र हवं, ही त्यातली एक महत्त्वाची शिफारस. आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीनेही १९४६ साली तेच सुचवलं. १९५६ साली दिल्लीत एम्स उभं राहिलं, त्याच्या मुळाशी हे दोन कागद आहेत.

भारतातल्या दारिद्र्याने आणि लोकसंख्येने मात्र त्यांना एका अवघड प्रश्नात अडकवलं. १९५२ साली बेलफास्टला अध्यक्षीय भाषणात त्यांनी विचारलं की, औषधं माणसं जगवतात पण त्यांना पोसायला अन्न पुरणार नसेल, तर शास्त्रज्ञाची जबाबदारी काय? प्रश्न प्रामाणिक होता, तरी भारतीय वाचकाला तो आज टोचतो. दीडशे वर्षांच्या ब्रिटिश राजवटीचा या दारिद्र्यात किती वाटा, याचा हिशेबही त्यात मांडायला हवा होता.

आव्हान आणि त्याचं उत्तर

१९५० साली हिल यांनी जीवरसायनशास्त्रज्ञांना जाहीर आव्हान दिलं. तुम्ही म्हणता की स्नायू आखडताना एटीपी खर्च होतं. मग जिवंत स्नायूच्या एका आखडण्यात ते कमी झालेलं दाखवा. हे सोपं नव्हतं, कारण एटीपी संपताक्षणी फॉस्फोक्रिएटिन ते भरून काढतं. १९६२ साली केन आणि डेव्हिस यांनी ही भरपाई रासायनिक मार्गाने रोखून धरली आणि एटीपी खरोखर घटतं हे दाखवलं. १९६४ साली, ७८ व्या वर्षी, हिल यांनी १९३८ च्या आपल्याच लेखातली एक मोजणी पुन्हा तपासली आणि त्यात दुरुस्ती केली.

तोवर बाहेर विषयाचा विद्यापीठीय जन्म होत होता. १९६३ साली अमेरिकेत जेम्स कोनंट यांनी शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर कडक टीका केली. हे विद्यापीठात शिकवण्याइतकं शास्त्र आहे का, असा त्यांचा सूर होता. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी लेख लिहून या विषयाची स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून बाजू मांडली. हे हेन्री कोण? ऑक्सिजनच्या कर्जावर काम केलेले आणि १९५१ साली हिल यांचं धावण्याच्या वेगाचं सूत्र पुन्हा तपासून पाहिलेले. १९६७ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कायनेसिऑलॉजीचा स्वतंत्र विभाग निघाला. हिल तेव्हा ८१ वर्षांचे होते. १९७० साली त्यांचं शेवटचं पुस्तक आलं, स्नायूंवरच्या पहिल्या आणि अखेरच्या प्रयोगांचं. ३ जून १९७७ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या एका जुन्या कल्पनेवर मात्र भांडण अजून चालू आहे. १९२० च्या दशकात त्यांनी सुचवलं होतं की, अतिश्रमात हृदयाला ऑक्सिजन कमी पडू लागला की ते निकामी होण्याआधीच त्याला आवरणारा एखादा नियंत्रक शरीरात असावा. पुढे ही कल्पना बाजूला पडली. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी ती उकरून काढली. थकवा स्नायूत नसून मेंदूत ठरतो आणि इजा होण्याआधीच मेंदू लगाम खेचतो, असं ते म्हणू लागले. गंमत अशी की, ऑक्सिजन एका पातळीवर थबकतो या हिल यांच्याच निष्कर्षावर नोक्स यांनी हल्लाही चढवला. प्रत्येक माणसात तो सपाट टप्पा दिसत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यामुळे आज एक्सरसाइज फिजिऑलॉजीच्या वर्गात वाद रंगतो तेव्हा दोन्ही बाजू हिल यांचेच १९२३-२४ चे लेख काढून बसतात.